भरतीला जाताय? आधी कान, कातडी आणि कागद बघा

आमच्या गावातून आणि आजूबाजूच्या वाड्यांतून मी ज्या पोरांना सैन्यभरतीला घेऊन गेलो, त्यांतली धावण्यात मागे पडून परत आलेली थोडी. जास्त परत आली ती कागदामुळे, कानामुळे आणि कातडीमुळे. धावायला सगळेच शिकवतात. हे तीन ‘क’ कोणी सांगत नाही, म्हणून हा लेख.

मी स्वतः हवालदार म्हणून निवृत्त झालो. आता मालवण तालुक्यात घरी असतो, थोडी कलमं आहेत, आणि संध्याकाळी किनाऱ्यावर पोरं धावायला येतात त्यांच्या मागे ओरडत फिरतो. खाली लिहिलंय ते थलसेनेच्या अग्निवीर भरतीबद्दल. किनाऱ्यावरची बरीच पोरं नौदल आणि तटरक्षक दलाचं विचारतात. त्यांची प्रक्रिया वेगळी असते. पण कागद आणि शरीर यांबद्दल इथे जे सांगतोय त्यातलं बरंचसं तिथेही चालेल.

तो दिवस असतो कसा

अग्निवीर ज्या योजनेतून घेतात ती अग्निपथ योजना जून २०२२ मध्ये आली. २०२३ पासून क्रम उलटा झाला. आधी संगणकावर लेखी परीक्षा, आणि त्यात निवड झालेल्यांनाच भरती मेळाव्याचं बोलावणं. म्हणजे ग्राउंडवर तुमच्या शेजारी उभा असलेला प्रत्येक जण परीक्षा पास होऊन आलेला असतो. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातली पोरं कोल्हापूरच्या सैन्यभरती कार्यालयाखाली येतात. रायगड, ठाणे, पालघरची मुंबईच्या. मेळावा कुठे आणि कधी, ते तुमच्या प्रवेशपत्रावर छापलेलं असतं. चुलतभावाच्या प्रवेशपत्रावर वेगळी तारीख असली तर गडबडू नका, पण त्याच्या तारखेला त्याच्याबरोबर जाऊही नका.

हजेरी बहुतेक वेळा मध्यरात्रीनंतरची असते. गेटवर प्रवेशपत्र बघतात, आधारवर बोटांचे ठसे जुळवतात, उंचीच्या पट्टीखालून काढतात. मग तुकड्या पाडून १.६ किलोमीटरची धाव. त्यातून निघालेल्यांचं बीम, म्हणजे बारला लटकून अंग वर ओढणं, नऊ फुटी खड्ड्यावरून उडी आणि झिगझॅग पट्टीवरचा तोल. पुढे उंची, वजन, छाती. मग कागद. मग मोबाइलवर द्यायची अनुकूलता चाचणी, म्हणजे सैन्याच्या जगण्यात तुम्ही रुळाल का ते बघणारे प्रश्न, आणि शेवटी मेडिकल, जे बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी होतं. मैदानाप्रमाणे क्रम थोडा पुढेमागे होतो, पण यातलं काही गळत नाही.

नाव: तीन महिने आधी

दहावीचं प्रमाणपत्र समोर ठेवा. तुमचं नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव आणि जन्मतारीख त्यावर जशी आहे तीच खरी समजा, अगदी इंग्रजी अक्षरासकट. आता आधार, पॅन, बँकेचं पासबुक, जातीचा दाखला आणि अधिवास दाखला एकेक करून त्याच्या शेजारी ठेवा आणि बोट ठेवून वाचा. मनात वाचू नका, मोठ्याने वाचा. सावंत हे आडनाव एका कागदावर डब्ल्यूने आणि दुसऱ्यावर व्हीने, हा तर आमच्याकडचा घरोघरचा आजार. आईचं माहेरचं नाव एकीकडे, सासरचं दुसरीकडे, हा दुसरा.

फरक सापडला तर दहावीला हात लावू नका, बाकीचे कागद तिच्याशी जुळवून घ्या. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच, म्हणून केंद्रावर बसलेल्या मुलाने टाइप केलेलं पडद्यावर स्वतः वाचल्याशिवाय अंगठा देऊ नका.

आधारचीच आणखी एक गोष्ट. पंधरा वर्षं पूर्ण झाली की बोटांचे ठसे आणि डोळे नव्याने द्यायचे असतात. आमच्याकडच्या निम्म्या पोरांनी ते केलेलं नसतं. लहानपणी दिलेला ठसा अठराव्या वर्षी जुळेलच असं नाही, आणि रात्री दोन वाजता गेटवर मशीन लाल दिवा दाखवायला लागलं की हुंदका येतो. त्यात आपल्याकडे काजू. एप्रिल-मेमध्ये बिया भाजायला, फोडायला बसलात तर सालीतलं तेल लागून बोटांची कातडी सोलून निघते. एका पोराचे दहाच्या दहा ठसे असे गेले होते. तीन-चारदा पुसून, वाट बघून शेवटी एका बोटाने दाद दिली, तोवर त्याची तुकडी धावून आली होती. भरती जवळ आली असेल तर त्या हंगामात बिया फोडायचं काम बहिणीवर ढकला. ती शिव्या देईल, देऊ द्या.

मुंबईचा पत्ता, गावचा दाखला

हे कोकणात फार होतं, म्हणून जरा थांबून सांगतो. बाप चाकरमानी, पोर जन्मलं परळला किंवा नालासोपाऱ्याला, आधार तिथलं. कोविडमध्ये कुटुंब गावाला आलं, पोर इथल्याच हायस्कूलमधून दहावी झालं. आता नोंदणी करताना मूळ जिल्हा कुठला लिहायचा? मुंबईकडे लिहिलं तर मुंबई कार्यालय, सिंधुदुर्ग लिहिलं तर कोल्हापूर. पोरं काय करतात, मित्र जिकडे भरतो तिकडे आपणही भरतात. मग मेळाव्याला अधिवास दाखला एका जिल्ह्याचा आणि अर्ज दुसऱ्या जिल्ह्याचा.

अर्जात जो जिल्हा लिहाल त्याच जिल्ह्याचा अधिवास दाखला तुमच्या हातात असला पाहिजे. म्हणून आधी दाखला काढा, मग अर्ज भरा. ‘वय, अधिवास व राष्ट्रीयत्वाचा दाखला’ तहसीलमधून मिळतो, अर्ज सेतू किंवा आपले सरकार केंद्रावर करायचा. आधारचा पत्ताही त्याच गावचा करून घेतलात तर उत्तम. शाळेचा दाखला, घरपट्टीची पावती, रेशनकार्ड, सगळं गावचं जमा करून ठेवा.

दाखले आणि गणपती

नेमके कोणते कागद लागतात ते तुमच्या भरतीच्या अधिसूचनेत दिलेलं असतं. ती अधिसूचना छापून घ्या आणि एकेका ओळीवर खूण करत जा. साधारणपणे लागतं ते असं: चांगल्या प्रिंटरवर काढलेलं प्रवेशपत्र, शिक्षणाच्या मूळ गुणपत्रिका आणि प्रमाणपत्रं, अधिवास दाखला, जातीचा दाखला, आणि त्यावर धर्म लिहिलेला नसेल तर धर्माचा वेगळा, शाळेकडून चारित्र्याचा दाखला, सरपंचांकडून किंवा नगरपंचायतीकडून फोटो चिकटवलेला चारित्र्याचा दाखला, गेल्या सहा महिन्यांतला, अविवाहित असल्याचा दाखला, तोही फोटोसकट, पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला, आधार, पॅन, बँक खातं, नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र, अधिसूचनेसोबतच्या नमुन्याबरहुकूम. वडील फौजी असतील तर नात्याचा दाखला. एनसीसी किंवा खेळाचं प्रमाणपत्र असेल तर तेही घ्या, त्याचे जादा गुण असतात. प्रत्येकाच्या दोन-दोन साक्षांकित प्रती.

फोटो वीस काढा. पांढरी पार्श्वभूमी, तीन महिन्यांच्या आतले, दाढी केलेली, केस कापलेले. फोटोवाल्याला सांगा, गोरं करू नकोस. आमच्या बाजारातले फोटोवाले न विचारता गोरं करतात, आणि मग टेबलावरचा माणूस फोटोकडे आणि तुमच्याकडे आळीपाळीने बघत बसतो.

कागदांसाठी वेळ धरताना पंचांग बघा. गणपतीच्या आठ दिवस आधीपासून ते विसर्जनानंतर आठ दिवसांपर्यंत कोकणात दाखला मिळतो असं धरूच नका. ग्रामपंचायत उघडी असेल, शिपाई असेल, पण सरपंच आरतीला, ग्रामसेवक दुसऱ्या गावाच्या चार्जवर आणि नेट डोंगराआड. शिमग्याला तेच. सहा महिन्यांच्या आतलाच दाखला हवा म्हणून काही पोरं मुद्दाम शेवटच्या महिन्यापर्यंत थांबतात आणि नेमकी या सणांत सापडतात. मेळाव्याच्या दोन महिने आधी दाखला काढा. सहा महिन्यांत बसतो आणि जीवही खाली असतो.

आणि पाऊस. मागे एका पहाटे आमचा एक पोरगा कागदांच्या रांगेत उभा होता. फाइल चांगली प्लास्टिकची, चेन लावलेली. पण सरपंचांचा दाखला त्याने आदल्या दिवशी पावसात मोटरसायकलवरून आणलेला, खिशात घडी घालून. फाइल उघडली तर गोल शिक्क्याची जांभळी शाई फोटोवर उतरलेली, फोटोवर चंद्रग्रहण लागल्यासारखं. “काका, शिक्को खयसर गेलो?” मला विचारतो. शिक्का त्याच्या गालावर होता. त्याला परत पाठवलं नाही, नवा दाखला आणायला मुदत दिली, पण मेडिकल होईपर्यंत त्याच्या तोंडात पाणी नव्हतं. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो, कागद ताटासारखा आडवा धरून आणा, शिक्का सुकेपर्यंत पंचायतीतच बसा, आणि घरी फाइल कपाटात न ठेवता चुलीपासून लांब पण कोरड्या माळ्यावर ठेवा. जून ते सप्टेंबर आपल्या कपाटात कागदाला बुरशी लागते.

कान, कातडी, पाय

मेळाव्याच्या तारखेला दोन महिने असताना एकदा डॉक्टरांकडे जा. तुम्ही आजारी नाही आहात हे मला माहीत आहे, तरी जा.

पहिला कान. आपली पोरं उन्हाळाभर विहिरीत मुटके मारतात, खाडीत डुबतात, कानात पाणी जातं, दुखतं, आई खोबरेल गरम करून घालते. दोन-तीन वर्षं हे चाललं की पडद्याला भोक पडलेलं असतं आणि कोणाला पत्ता नसतो. मेडिकलला डॉक्टर कानात दिवा लावून बघतो, त्याला लगेच दिसतं. आमच्या एका पोराचा कान असाच आतून वाहत होता, आणि तो उत्तम धावणारा होता, पहिल्या दहात आलेला. कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवा. मळ असेल तर त्यांच्याकडूनच काढून घ्या, आणि तोही आठ-दहा दिवस आधी. किल्लीने, काडीने, सेफ्टी पिनेने नाही. नाकाचं हाड वाकडं आहे का तेही त्याच वेळी कळेल. दाखवून आल्यानंतर विहिरीत उडी बंद.

दुसरी कातडी. लावणीच्या दिवसांत ओल्या चड्डीत दिवस काढलेल्या पोराला मांडीत गजकर्ण नसेल तर नवल. लाजेने कोणी बोलत नाही. औषधाच्या दुकानातून एक ट्यूब आणतात, लावली की दोन दिवसांत खाज थांबते, सोडली की दुप्पट पसरतं. त्या ट्यूबमध्ये बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. कातडीच्या डॉक्टरकडे जा. नीट औषध घेऊन बरं व्हायला तीन-चार आठवडे लागतात, कधी जास्त. म्हणून हे शेवटच्या आठवड्यावर टाकू नका. मेडिकल फक्त चड्डीवर असतं, कधी तीही उतरवतात, तिथे काही लपत नाही. बोटांच्या बेचक्यातल्या चिखल्याही तशाच.

तिसरे पाय. अंघोळ करून ओल्या पायाने जांभ्याच्या कोरड्या लादीवर उभे राहा. उमटलेल्या ठशात आतली बाजू कमानीसारखी कोरडी राहिली पाहिजे. पूर्ण तळवा उमटला तर तळपाय सपाट असू शकतो. गुडघे एकमेकांना टेकवून उभे राहा. घोटे लांब राहत असतील तर तोही मुद्दा आहे. पण घरच्या लादीवरून निकाल लावू नका. सपाट तळव्याचेही प्रकार असतात, ठरवायचं ते सैन्याच्या डॉक्टरने.

दृष्टी तपासताना रंग ओळखण्याची चाचणीही करून घ्या, त्यात नापास होणाऱ्याला आयुष्यभर ठाऊक नसतं. दात कुजलेले असतील तर भरून घ्या. मिशेरी आणि गुटखा आजच सोडा. हिरड्या काळ्या-तांबड्या झालेल्या डॉक्टरला दिसतातच, आणि दम तर त्याआधीच लागतो. टॅटूबद्दल: कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि तळहाताच्या मागच्या बाजूला असेल तर चालतो, इतरत्र नाही. आदिवासी समाजाला त्यांच्या रूढीप्रमाणे सवलत आहे. छातीवर शिवराय गोंदवून घ्यायची हौस चार महिने लांबणीवर टाका.

उंचीचं एवढंच: आपल्याकडे जनरल ड्युटीला १६८ सेंटिमीटर, टेक्निकलला १६७, क्लार्कला १६२. छाती ७७ आणि फुगवून ५ सेंटिमीटर वाढली पाहिजे. माणूस सकाळपेक्षा संध्याकाळी सुमारे एक सेंटिमीटर बुटका भरतो, म्हणून घरी संध्याकाळी मोजा. संध्याकाळी १६८ भरलात तर रात्री झोप लागेल.

धाव

१६०० मीटर साडेपाच मिनिटांच्या आत म्हणजे पूर्ण ६० गुण. ५:४५ पर्यंत ४८. २०२५ च्या अधिसूचनेत पुढचे दोन गटही आले: ६:०० पर्यंत ३६ आणि ६:१५ पर्यंत २४. पास व्हायला जागा वाढली, पण यादी गुणांवर लागते, तेव्हा ६:१५ चा विचार करून सराव करू नका.

हिशोब सोपा आहे. ४०० मीटरचे चार फेरे, साडेपाच मिनिटं म्हणजे ३३० सेकंद, म्हणजे फेऱ्याला साडेब्याऐंशी. जवळजवळ सगळी नवी पोरं पहिला फेरा सत्तरमध्ये मारतात. दीडदोनशे पोरं एका शिट्टीवर सुटतात, कोपर लागतं, कोणी पडतो, घाबरून माणूस पळत सुटतो. तिसऱ्या फेऱ्यात पाय दगड होतात. घरी एकट्याने धावू नका. दहा जण मिळून सुटा, मुद्दाम ढकला, आणि पहिला फेरा ब्याऐंशीत मारायचा सराव करा. मी किनाऱ्यावर पहिल्या फेऱ्याला कोणी ऐंशीच्या आत आलं तर परत सुरुवातीला पाठवतो. पोरांना हे अजिबात आवडत नाही.

आमच्या किनाऱ्याची गंमत अशी की मऊ वाळूत धावून पोटऱ्या होतात दणकट, पण वेग कळत नाही. ग्राउंडवर माती असते किंवा मुरूम. म्हणून आठवड्यातले दोन दिवस वाळू पुरे. तीही ओहोटीच्या वेळी, पाण्याजवळच्या ओल्या, घट्ट पट्ट्यावर. तो पट्टा समुद्राकडे उतरता असतो, एकाच दिशेने धावलात तर एका पायाच्या घोट्यावर ताण येतो. जेवढं जाल तेवढंच उलटं या. बाकी दिवस हायस्कूलचं ग्राउंड किंवा कातळावरची मोकळी जागा. कातळावर मात्र बूट घाला, जांभा तळवा सोलतो. बूट जुनेच, पायाला बसलेले. मेळाव्यासाठी नवे बूट घेऊन गेलेल्याला टाचेवर फोड घेऊन येताना मी पाहिलंय, दरवर्षी एक तरी.

बीम. दहा मारले तर ४०, नऊ ३३, आठ २७, सात २१, सहा १६. सहाच्या खाली बाद. हात पूर्ण सरळ सोडायचे, हनुवटी बारच्या वर, पाय झटकायचे नाहीत. आमची पोरं मांगरातल्या वाशावर किंवा आंब्याच्या फांदीवर सराव करतात. फांदी जाड असते, खडबडीत असते, हात सुटत नाही. मैदानावरचा पाइप बारीक, गुळगुळीत आणि आधीच्या पन्नास जणांच्या घामाने ओला. कुठून तरी लोखंडी पाइप मिळवा आणि धाव संपल्यावर लगेच, धापा टाकत असतानाच बीम मारा. तिथे विश्रांती मिळत नाही.

मुलींसाठी, कारण आता त्याही विचारायला येतात: सैन्य पोलिसांत अग्निवीर भरती असते, उंची १६२, १.६ किलोमीटर आठ मिनिटांच्या आत, दहा फूट लांब उडी, तीन फूट उंच उडी. कागद आणि कान यांचं वरचं सगळं तुम्हालाही लागू.

घाट आणि आदली रात्र

कोल्हापूरला कोकण रेल्वे जात नाही. रत्नागिरीहून आंबा घाट, वैभववाडीहून गगनबावड्याचा करूळ घाट, कणकवलीकडून फोंडा, सावंतवाडीहून आंबोली. पावसाळ्यात दरड कुठल्याही घाटात येऊ शकते. म्हणून रात्री हजेरी असेल तर आदल्या दिवशी सकाळी निघा, संध्याकाळच्या गाडीने नाही. आणि ज्यांना गाडी लागते त्यांनी लाजू नका. घाटात दोनदा ओकलेला माणूस बारा तासांनी ५:३० मारत नाही. पुढच्या सीटवर बसा, रिकाम्या पोटी नको आणि भरल्या पोटीही नको, आवळासुपारी तोंडात ठेवा. वर पोचल्यावर हवा कोरडी लागते, पहाटे थंडी असते, स्वेटर घ्या. घामाने चिकचिकणाऱ्या आपल्या हवेतून गेल्यावर तिथे तहान कळत नाही, म्हणून घोटघोट पाणी पीत राहा.

आदल्या दिवशी जेवण घरचं किंवा घरच्यासारखं. भात, वरण, केळं. मासे नकोत, चमचमीत काही नको, परक्या गावातली मिसळ तर अजिबात नको, ती निवडीनंतर खा. उकड्या तांदळाची पेज थर्मासमध्ये भरून नेणारी पोरं मी पाहिली आहेत. हसतात त्यांना, पण पहाटे चारला पोटात ती असते आणि हसणाऱ्याच्या पोटात वडापाव. एनर्जी ड्रिंक, ताकदीची गोळी, कोणी ‘भाई’ देईल ते इंजेक्शन, यातलं काही घेऊ नका. उत्तेजक सापडलं तर बाद, आणि छाती धडधडत राहिली तर मेडिकलला नाडी आणि रक्तदाब जास्त भरतो.

नखं कापा, दाढी करा, केस बारीक. कानातली बाळी, गळ्यातला ताईत, मनगटाचे धागे काढून घरी देवापुढे ठेवा. ग्रामदेवतेचा अंगारा कपाळाला लावला तरी चालेल, धावताना तसाही पुसला जातो. मेडिकलसाठी धुतलेली दुसरी चड्डी, धावायला लंगोट किंवा सपोर्टर.

मोबाइल पूर्ण चार्ज. अनुकूलता चाचणी स्वतःच्या स्मार्टफोनवर द्यायची असते, इंटरनेट स्वतःचं. हजार माणसं एका टॉवरवर असतात, म्हणून दोन कंपन्यांची सिम असली तर बरं, आणि एक पॉवर बँक. चाचणीत सरळ, खरी उत्तरं द्या. एकाच गोष्टीवर फिरवून-फिरवून विचारतात. रचलेली उत्तरं तिसऱ्या प्रश्नाला आपसात भांडायला लागतात.

गेटवर आणि टेबलासमोर

रांगेत शांत बसा, जमलं तर फाइल डोक्याखाली घेऊन पडून राहा. गप्पांमध्ये नुसत्या अफवा मिळतात. गेटबाहेर कोणी ना कोणी भेटतोच, “आत ओळख आहे, दोन लाखांत काम होईल.” भरतीला परीक्षेच्या शुल्काखेरीज पैसा लागत नाही. निवड झाली तर तो म्हणतो मी केली, नाही झाली तर फोन बंद. शेत गहाण ठेवून अशाच एकाला पैसे दिलेलं एक घर माझ्याच वाडीत आहे, नाव घेत नाही.

कागदांच्या टेबलावर विचारलं तेवढंच बोला. “सर” म्हणा, पाय जुळवून उभे राहा, पण अटेन्शनची नाटकं करू नका. फाइलमध्ये कागद अधिसूचनेतल्या क्रमाने लावा, म्हणजे मागितलेला कागद पहिल्या खेपेला हातात येतो. एखादा कागद कमी असेल तर खरं सांगा. बऱ्याच वेळा आणून द्यायला मुदत मिळते. खोटा दाखला सापडला तर मुदत नाही, पोलीस.

मेडिकलला डॉक्टरने काही दोष काढला तर दोन शब्द नीट ऐका. ‘टेंपररी अनफिट’ असेल तर बरं होऊन परत दाखवायचं असतं. साधं ‘अनफिट’ असेल तरी सैनिकी रुग्णालयात फेरतपासणी मागता येते. दोन्हीला कागदावर मुदत आणि ठिकाण लिहिलेलं असतं. तो कागद वाचल्याशिवाय तंबूतून बाहेर पडू नका. वाईट वाटून पोरं कागद घडी घालून खिशात टाकतात, घरी येऊन दोन दिवस तोंड लपवतात आणि मुदत निघून जाते. आमच्या एका पोराला हायड्रोसीलवर, म्हणजे अंडकोषात पाणी साचल्यामुळे, थांबवलं होतं. त्याने तारीख वाचली, गावच्या गाडीऐवजी सरळ डॉक्टरांकडे गेला, आणि सांगितलेल्या दिवशी रुग्णालयात हजर झाला. गेल्या दिवाळीत तो वर्दीतला फोटो दाखवायला आला.

सगळं पार पडलं तरी शेवटची यादी लागायला वेळ जातो, लेखी आणि ग्राउंड मिळून गुण धरतात. तोवर अर्जात दिलेला मोबाइल नंबर बदलू नका, फाइल मोडू नका. उरलेले सात-आठ फोटो बहिणीच्या वहीत चिकटवायला देऊ नका, ते पुढे लागतात.